कोपराला गूळ

म्हैस उभी होती. चूक माझीच.
गंगावेशीत पहाटे दुधाची बरणी हँडलला अडकवून
मी डावीकडून काढायला गेलो,
ती डावीकडंच सरकली.
दूध किती सांडलं ते आधी बघितलं,
मग हात.
उजवा. बाहीच्या आत भलत्याच दिशेला निघालेला.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. म्हणाले, तीन तुकडे.
मी म्हणालो, चार. तो बारका पण धरा की.
पस्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
बारक्यानंच जॉब रिजेक्ट होतो.
दोन पट्ट्या बसणार होत्या, नऊ स्क्रू.
आटे कुठल्या मापाचे?
भुलीची सुई मानेत जात असताना मी विचारलं.
त्यांनी माप सांगितलं,
ते ऐकता ऐकता हात माझा राहिला नाही.

नंतरचा फोटो मात्र बघण्यासारखा.
एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही.
शेजारच्या मशीनवरच्या बाबालाल शिकलगारला दाखवला.
'काय फिटिंग मारलंय! ह्या डॉक्टरला
आपल्यात घ्यायला सांगा मालकास्नी.'

आणि हात वाकेना.

नेजदार बाई कोनमापक लावायच्या. माझ्याकडं आहे तसाच,
फक्त प्लास्टिकचा.
सहाव्या आठवड्यात पन्नास ते ऐंशी.
तिसऱ्या महिन्यात तीस ते एकशे दहा,
आणि तिथंच.
गरम पाण्याचा शेक, काठी, रबर, शिव्या,
सगळं करून तिथंच.
ओला पंचा पिळतानाचा माझा चेहरा
शालननं बघू नये म्हणून मी नळ मोठा सोडायचो.

एकशे दहा म्हणजे काय, सांगतो.
चहाचा कप हनुवटीखाली चार बोटांवर येऊन थांबतो.
मग मीच त्याच्याकडं जातो.
तांबड्या रश्श्यापुढं पाहुण्यांत बसलो
तर लोकांना वाटतं, काय भाव आहे माणसाचा!
फोन डाव्या कानाला.
वरचं बटण शालन लावते,
लावताना माझ्याशी बोलत नाही,
कॉलरशी बोलते.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर लहानपणी
काकवी ओघळून कोपरापर्यंत जायची.
आम्ही पाच-सहा पोरं जिभा काढून गोल गोल फिरायचो.
कुणाचीच पोचायची नाही.
चुलता म्हणायचा, आता कळली का म्हण?
तेव्हा कळली नव्हती.
डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, होईल की एकशे तीस.
मी मान हलवायचो, जिभेला चव यायची.

वर्षानं बाईंनी कागद काढला.
दुखतं का? थंडीत. म्हणजे थोडं. थोडं लिहा.
केस विंचरता येतात?
मी टोपी काढून दाखवली.
हसल्या, आणि पाचापैकी पाच दिले.
घास तोंडात जातो?
जातो, म्हणालो.
कोण कुणाकडं जातं, ते कागदावर नव्हतं.
बूट घालता येतात? कापशी चप्पल घालतो. पाच.
बेरीज ऐंशी. 'चांगला'च्या रकान्यात
माझ्या नावापुढं बरोबरची खूण.
करंगळी अजून वारुळात घातल्यासारखी,
तिला रकाना नाही.

चांगला आहे, खोटं कशाला बोलू.
टेलस्टॉकचं चाक डाव्यानं फिरवतो,
मायक्रोमीटर धरायला उजवा पुरतो.
नव्या पोरांना बेअरिंग बसवताना सांगतो,
एवढं पण गच्च नको रे, जरा श्वास ठेव.
हे मी आधीपासूनच सांगतो.

काल पहाटे परत गंगावेशीत गेलो. चालत.
तीच होती की दुसरी, म्हशी ओळखण्यात मी कच्चा.
तिला कोपरापासून हात जोडले,
उजवा आपल्या मापावर थांबला,
डाव्यालाही मी तिथंच थांबवलं.
गवळ्यानं धारोष्ण दुधाचा ग्लास दिला, वर बोटभर फेस.
मी वाकलो फेसाकडं.
तिनं मान घातली वैरणीत.
ती पण तोंडच नेते घासाकडं,
आणि तिला कुणी काही विचारत नाही.